रिसॉर्टचं जेवण घ्यावं की बाहेर खावं? बुकिंगआधी करायचा हिशोब

सुट्टीसाठी खोली पसंत पडली की बुकिंगच्या पानावर लगेच दुसरा प्रश्न येतो: नुसती खोली, नाश्त्यासह, दोन जेवणांसह, की सगळं धरून? बहुतेक जण इथे अंदाजाने बोट ठेवतात. कुणी ‘कटकट नको’ म्हणून सगळं धरून घेतं, कुणी ‘बाहेर स्वस्त पडेल’ म्हणून नुसती खोली. दोन्ही अंदाज चुकतात. जेवणाच्या वेळी तुम्ही नेमके कुठे असणार, यावर कुठला प्लॅन परवडेल हे ठरतं. म्हणून आधी वही घ्या, दर नंतर बघा.

पायरी १: जेवणांचा तक्ता

आडवे दिवस, उभे तीन रकाने: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. ४ रात्री आणि ५ दिवसांची सहल असेल तर १५ चौकोन होतात. पण रिसॉर्ट पैसे रात्रींवर लावतं, म्हणजे तिन्ही जेवणांच्या प्लॅनमध्ये तुम्हाला ४ नाश्ते, ४ दुपारची आणि ४ रात्रीची जेवणं मिळतात, एकूण १२.

आता प्रत्येक चौकोनात तुम्ही कुठे असाल ते लिहा. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी २ किंवा ३ वाजता मिळते आणि सकाळी ११-१२ पर्यंत सोडावी लागते. पहिल्या दिवशी विमान किंवा गाडी रात्री ८ ला पोहोचत असेल, पुढे दोन तासांचा रस्ता असेल, तर त्या रात्रीचं जेवण गेलंच, कारण बुफे साधारण १०-१०:३० ला आवरतात. दोन दिवस दिवसभराची भटकंती ठरली असेल तर दुपारची दोन जेवणं गेली. येण्याच्या किंवा निघण्याच्या दिवशी दुपारचं एक जेवण प्लॅनमध्ये धरलेलं असतं, पण तेव्हा तुम्ही प्रवासात असता, तेही गेलं. १२ पैकी ८ उरली. पैसे मात्र १२ चे भरलेले असतात आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळत नाहीत.

हा तक्ता खरेपणाने भरा. ‘एखाद्या दिवशी बाहेर जाऊ’ असं वाटत असेल तर त्या चौकोनात प्रश्नचिन्ह टाका. तक्त्यात दोन-तीनपेक्षा जास्त प्रश्नचिन्हं दिसली तर मोठा प्लॅन घेऊ नका.

पायरी २: अक्षरांचा अर्थ

बुकिंगच्या पानांवर जेवणाचे प्लॅन आद्याक्षरांनी लिहिलेले असतात:

- ईपी: नुसती खोली.
- सीपी किंवा बीबी: खोली आणि नाश्ता.
- एमएपी किंवा एचबी: नाश्ता आणि एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचं.
- एपी किंवा एफबी: तिन्ही जेवणं.
- एआय: तिन्ही जेवणं, मधलं खाणं आणि पेयं.

या अक्षरांची व्याख्या प्रत्येक रिसॉर्ट आपापली करतं. सीपीमधला नाश्ता एका ठिकाणी भरगच्च बुफे असतो, दुसऱ्या ठिकाणी ब्रेड, लोणी-जॅम आणि चहा-कॉफी एवढाच. एमएपीमध्ये काही ठिकाणी दुपार की रात्र हे तुम्ही निवडू शकता, काही ठिकाणी रात्रच. एचबी आणि एफबीमध्ये पेयं धरलेली नसतात, आणि कित्येक ठिकाणी टेबलावरच्या बाटलीबंद पाण्याचंही बिल वेगळं लागतं. चार जणांचं कुटुंब रोज दोन वेळा पाणी मागवतं तेव्हा ती रक्कम आठवड्यात चांगलीच फुगते.

‘सगळं धरून’ या शब्दांनी सर्वांत जास्त घोळ होतो. या प्रकारच्या सुट्टीची सुरुवात क्लब मेड या ज्या फ्रेंच पर्यटन संस्थेपासून मानतात, तिचं पहिलं सुट्टीचं गाव १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबूंमध्ये उभं राहिलं. तिथल्या गावांमध्ये राहणं, जेवण आणि खेळ एकाच रकमेत असत, तरी पुढे बारमधल्या पेयांसाठी वेगळ्या विकत घेतलेल्या मण्यांच्या माळेतले मणी मोडावे लागत. आजही ‘सगळं’ या शब्दाला कुठेतरी कडा असते, फक्त ती छोट्या अक्षरात लिहिलेली असते. आयात केलेली दारू, ताजा रस, खोलीतला मिनीबार, खोलीत मागवलेलं खाणं आणि बुफेखेरीजची खास रेस्टॉरंट या गोष्टी एआयच्या बाहेर राहण्याची शक्यता जास्त. बारची वेळही बघा. सकाळी १० ते रात्री ११ असेल तर सकाळी ८ ला घेतलेल्या कॉफीचं बिल लागू शकतं.

पायरी ३: एका जेवणाची खरी किंमत

सूत्र एकच आहे. दोन प्लॅनमधल्या दरांची वजाबाकी करा आणि जी जेवणं तुम्ही *प्रत्यक्षात* खाणार तेवढ्यांनी भागा.

वरच्याच सहलीचं उदाहरण घेऊ. चलन कुठलंही असो, इथे ‘एकक’ म्हणू. नाश्त्याच्या प्लॅनपेक्षा तीन जेवणांचा प्लॅन माणशी रात्रीला ७ एककांनी महाग आहे, म्हणजे चार रात्रींचे २८. कागदावर मुख्य जेवणं ८, म्हणून एक जेवण साडेतीन एककांना पडल्यासारखं वाटतं. पण तक्त्याप्रमाणे तुम्ही दुपारचं १ आणि रात्रीची ३ अशी चारच जेवणार. २८ भागिले ४, म्हणजे एक जेवण ७ एककांना. किंमत थेट दुप्पट.

आता दोन जेवणांचा (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) प्लॅन बघा. तो नाश्त्याच्या प्लॅनपेक्षा रात्रीला ४ एककांनी महाग, म्हणजे एकूण १६. रात्रीची जेवणं प्रत्यक्षात ३, म्हणून एक जेवण सुमारे ५.३ एककांना.

बाहेरच्या जेवणाचा आकडा काढताना नुसती पदार्थाची किंमत धरू नका. मुख्य पदार्थ, सोबतचं काही, पेय, कर, सेवाशुल्क किंवा टीप, आणि जाण्यायेण्याचं भाडं हे सगळं त्यात येतं. भाडं माणशी नसतं, गाडीमागे असतं, आणि निकाल बहुतेक वेळा तिथेच फिरतो. समजा बाहेर एका माणसाचं जेवण ५ एककांना पडतं आणि जाऊन-येऊन टॅक्सीला ४ लागतात. दोघं असाल तर माणशी ७, चौघं असाल तर ६. म्हणजे टॅक्सीने जावं लागत असेल तर दोघांनाही आणि चौघांनाही दोन जेवणांचा प्लॅन किंचित स्वस्त. रेस्टॉरंट पायी अंतरावर असेल तर मात्र बाहेर ५ च पडतात आणि पारडं लगेच फिरतं.

फिरायला निघालेल्या माणसाला दोन जेवणांचा प्लॅन बहुतेक वेळा सर्वांत फायद्याचा ठरतो, असंच आमचं मत आहे. दुपारी तो कुठे असेल ते आधी सांगता येत नाही, पण सकाळी आणि दमून परतल्यावर रात्री तो रिसॉर्टमध्येच असतो.

पेयांचा हिशोब वेगळा करा. एआय आणि एफबी यांच्या रोजच्या दरातला फरक एका पेल्याच्या किंमतीने भागा. फरक ६ आणि पेला दीड एककाचा असेल तर रोज ४ पेले प्यायल्यावर पैसे वसूल होतात. एका खोलीतल्या सगळ्या मोठ्यांनी एकच प्लॅन घ्यायचा, अशी अट कित्येक ठिकाणी असते. दोघांपैकी एकच पिणारा असेल तर त्याला आठ पेले प्यावे लागतील, आणि ते आरोग्याला परवडणारं नाही. मुलांची थंड पेयं, चहा, कॉफी आणि पाणी यांचाही हिशोब त्यात धरा. उन्हाच्या ठिकाणी तेवढ्यानेच आकडा बराच बदलतो.

पायरी ४: नकाशा उघडा

रिसॉर्टचं नाव टाका आणि आजूबाजूला एक किलोमीटरच्या आत किती खाण्याची ठिकाणं आहेत ते मोजा. तीन-चार असतील तर निवड तुमच्या हातात आहे. एकही नसेल, जेट्टीवरून बोटीने जायचं बेट असेल किंवा जंगलाच्या आतलं ठिकाण असेल, तर निवडच उरत नाही. तिथे नाश्त्याचा प्लॅन घेतला तर जेवायचं रिसॉर्टमध्येच, पण मेन्यूकार्डावरच्या सुट्या दराने. अशा जागी तिन्ही जेवणं आधीच घेणं शहाणपणाचं.

अंतर दिसलं म्हणून थांबू नका. रस्त्याला दिवे आहेत का, पायवाट आहे का, रात्री ९ नंतर परतायला गाडी मिळते का, ते ठिकाण आठवड्यात कधी बंद असतं आणि हंगाम संपल्यावर चालू असतं का, हेही बघा. अभिप्राय ‘सर्वांत नवे आधी’ असे लावून गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकानंतर आचारी बदललेला असू शकतो.

शहराच्या मध्यभागी राहणार असाल तर फार विचार करू नका. नाश्ता घ्या, बाकी बाहेर.

पायरी ५: रिसॉर्टला लेखी विचारा

फोनवर मिळालेलं ‘हो, हो, आहे’ काउंटरवर कुणाला आठवत नाही. ईमेल किंवा मेसेज करा आणि उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. विचारायचं ते असं:

प्लॅन कुठल्या जेवणाने सुरू होतो आणि कुठल्या जेवणाने संपतो? दरात कर आणि सेवाशुल्क धरलं आहे का? जेवणासोबत पाणी मिळतं का? खास रेस्टॉरंटमध्ये किती वेळा जेवता येतं, त्याला जादा पैसे लागतात का, आरक्षण कधी करायचं? मुलांचं वय कसं धरता, आणि जादा बेडच्या दरात जेवण आहे का? भटकंतीच्या दिवशी डबा बांधून मिळेल का? आल्यावर प्लॅन वाढवायचा झाला तर दर काय?

शेवटचा प्रश्न नवख्या माणसाला सुचत नाही, पण तोच सर्वांत उपयोगाचा. आल्यावर प्लॅन वाढवून घेणं बऱ्याच ठिकाणी जमतं, कमी करून पैसे परत मिळवणं क्वचितच जमतं. मन द्विधा असेल तर लहान प्लॅन घ्या आणि वाढवण्याचा दर आधीच लिहून घ्या.

मुलांच्या वयाबद्दल एक सूचना. वय बुकिंगच्या दिवशीचं धरत नाहीत, राहण्याच्या तारखेचं धरतात. सहा किंवा बारा वर्षांच्या सीमेवरचं मूल असेल आणि सहलीआधी त्याचा वाढदिवस येत असेल, तर तसं कळवा. नाहीतर फरकाची रक्कम काउंटरवर भरावी लागते.

२४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री राहणार असाल तर ‘गाला डिनर’ सक्तीचं आहे का ते नक्की विचारा. नाश्त्याचाच प्लॅन घेतलेल्या पाहुण्यांनाही त्याचे माणशी पैसे लावले जातात, आणि ती रक्कम लहान नसते.

पायरी ६: सोबत कोण आहे?

लहान मुलं असतील तर बुफे फार सोयीचा. भूक लागल्यावर लगेच ताट मिळतं, नावडलं तर बदलता येतं. दिवसभर पाण्यात खेळणाऱ्या मुलांना दर दोन तासांनी भूक लागते, त्यामुळे एआयमधलं मधलं खाणंही खरोखर वापरलं जातं. वयस्कर मंडळींना बाहेरच्या रेस्टॉरंटचे जिने आणि रात्रीचं उशिरा जेवण जड जातं. त्यांच्यासाठी रिसॉर्टमधलं रात्रीचं जेवण घ्या, जरी थोडं महाग पडलं तरी.

ॲलर्जी असेल तर बुफेपासून सावध राहा. पदार्थासमोरच्या चिठ्ठीवर घटक बरोबर लिहिलेले असतात, पण शेजारच्या भांड्यातला डाव कुणीतरी उचलून इकडे बुडवलेला असतो. शेंगदाण्याची किंवा शिंपल्यांची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. निघण्याआधी तीन-चार दिवस लेखी कळवा, पहिल्याच जेवणाला मुख्य आचाऱ्याला भेटा आणि स्वयंपाकघरातून वेगळं ताट मागा. बाहेर खाणार असाल तर तिथल्या भाषेत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. युरोपीय संघात १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं रेस्टॉरंटला कायद्याने बंधनकारक आहे, तिथे ती हक्काने मागा. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन जेवणाच्या टेबलावर बरोबर असू द्या, खोलीत नको.

शाकाहारी असाल तर नमुन्याचा मेन्यू आधी मागवा. कोशिंबिरी, ब्रेड आणि गोड पदार्थ सोडून मुख्य पदार्थ किती उरतात ते मोजा. दोनच उरत असतील तर तिन्ही जेवणांचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

पायरी ७: बुफेवर काय बघायचं

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० च्या वर आणि थंड पदार्थ ५ च्या खाली ठेवायचे असतात. तुमच्याकडे थर्मामीटर नसतो, पण डोळे असतात. झाकण उचलल्यावर वाफ आली पाहिजे. थंड पदार्थांचं भांडं बर्फात *रुतलेलं* हवं, बर्फावर नुसतं टेकवलेलं नको. डावाची मूठ पदार्थात बुडालेली दिसली तर तो पदार्थ सोडा, कारण तीच मूठ आतापर्यंत पन्नास हातांनी धरलेली असते.

बुफे उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जेवा. लहान भांडी ठेवून ती सतत बदलणारं स्वयंपाकघर चांगलं. मोठ्या भांड्यात जुन्यावरच नवं ओतणारं वाईट, कारण तळातला पदार्थ तासन् तास तसाच राहतो.

कोमट भाताबद्दल विशेष जपा. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. उलटी करवणारं ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून भात वाफाळता असेल तरच घ्या. समोर बनवून देणारा काउंटर, मग तो अंड्यांचा असो किंवा तव्यावरच्या पदार्थांचा, बुफेतली सर्वांत भरवशाची जागा.

जेवणाआधी हात साबणाने धुवा. सॅनिटायझरचा उलट्या-जुलाब करवणाऱ्या नोरोव्हायरसवर फारसा परिणाम होत नाही, आणि जिथे पुष्कळ माणसं एकच डाव हाताळतात तिथे हाच विषाणू पसरतो.

पायरी ८: बाहेर खाताना

गिऱ्हाईक भरपूर आहे, पदार्थ समोर होतोय आणि ताटात वाफाळता येतोय, या तीन गोष्टी जुळल्या तर साधी टपरीही चकचकीत पण रिकाम्या रेस्टॉरंटपेक्षा सुरक्षित. माल तिथे पडून राहत नाही, हे त्याचं कारण. नळाचं पाणी पिण्याजोगं नसेल तिथे बर्फही नको, कारण गोठल्याने जंतू मरत नाहीत. बाटलीचं झाकण तुमच्यासमोर ‘कट्’ असा आवाज करून उघडलं पाहिजे. फळ स्वतः सोलता येईल तेच घ्या.

बिलाचे खटके ठरलेले असतात. मासे कित्येकदा वजनावर विकले जातात आणि मेन्यूकार्डावरचा दर १०० ग्रॅमचा असतो. मासा निवडल्यावर समोर वजन करून घ्या आणि एकूण किंमत विचारून मगच होकार द्या. न मागता टेबलावर आलेली ब्रेडची टोपली किंवा चटण्या फुकट आहेत का ते विचारा. बिलात सेवाशुल्क आधीच असेल तर वर टीप देण्याची गरज नाही. कार्ड मशीन ‘तुमच्या चलनात भरायचं का?’ असं विचारतं तेव्हा तिथलंच स्थानिक चलन निवडा, कारण मशीनचा रूपांतराचा दर बहुतेक वेळा महाग असतो.

रिसॉर्टने बांधून दिलेला डबा असेल तर वेळ पाळा. आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं, सकाळी मागून मिळत नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला डबा दुपारी खाऊ नका, टाकून द्या. ब्रेड, सुका मेवा, बिस्किटं, न कापलेली फळं मागितलीत तर हा प्रश्नच येत नाही.

पोट बिघडलंच तर पहिलं काम पाणी आणि क्षार भरून काढणं. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. मीठ वाढवू नका, लहान मुलांना ते धोक्याचं ठरतं. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी थांबणं, किंवा मूल सुस्त पडणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर.

पायरी ९: पोहोचल्यावर आणि निघताना

पोहोचल्यावर पहिल्या तासात तीन कामं करा. काउंटरवर तुमच्या नावापुढे कुठला प्लॅन नोंदवला आहे ते बघा, कारण एजंटमार्फत केलेल्या बुकिंगमध्ये इथेच चुका निघतात. खास रेस्टॉरंटचं आरक्षण त्याच वेळी करा, दुसऱ्या दिवशी चांगल्या वेळा उरत नाहीत. मनगटावर पट्टा बांधत असतील तर तो हरवल्यास किती भरावे लागतात ते विचारा आणि लहान मुलांचा पट्टा नीट बसलाय याची खात्री करा.

सही करून घेतलेल्या प्रत्येक जादा पदार्थाच्या पावतीचा फोटो ठेवा. निघण्याच्या आदल्या रात्री बिलाची तात्पुरती प्रत मागा. सकाळी अकराला काउंटरवर रांग असते, बाहेर गाडी थांबलेली असते, आणि चुकीची ओळ दिसली तरी माणूस पैसे भरून मोकळा होतो. रात्री निवांत बसून वाचलं तर दुरुस्ती करून घ्यायला वेळ असतो. पहाटे निघायचं असेल तर त्याच वेळी नाश्त्याचा डबा सांगून ठेवा, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत.